नाइट ड्यूटी सांभाळून केलेला वैद्यकीय नीतिशास्त्राचा कोर्स: एका सिस्टरचा अनुभव

वैद्यकीय नीतिशास्त्राचा चोवीस आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स मी गेल्या महिन्यात पूर्ण केला. मी अठरा वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली अकरा वर्षं आयसीयूत. कोर्सबद्दल चांगलं सांगण्यासारखं खूप आहे. तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी चालतात आणि त्यांचा आराखडा थोड्याफार फरकाने सारखाच असतो, त्यामुळे कुठेही नाव नोंदवणार असाल तरी हे वाचून थोडी मदत व्हावी.

कोर्स का केला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं मत त्यातूनच आलंय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक आजोबा होते. जठराचा कर्करोग, यकृतापर्यंत पसरलेला. दाखल करतानाच मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, बाबांना काही कळता कामा नये. अल्सर आहे एवढंच सांगायचं." डॉक्टरही हो म्हणाले. केसपेपरवर याची नोंद कुठेच नव्हती, पण दर हँडओव्हरला ते तोंडी पुढे जात राहिलं: सतरा नंबर, नातेवाइकांनी सांगू नका म्हटलंय. पाचव्या रात्री तीन वाजून गेले होते. मी सलाइन बदलत होते. आजोबा जागेच होते. म्हणाले, "सिस्टर, अल्सरने माणूस एवढा वाळतो का हो?" मी म्हटलं, "सकाळी डॉक्टर राउंडला येतील ना आजोबा, त्यांना विचारा." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही सांगून ठेवलंय." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. नवव्या दिवशी गेले.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हा प्रश्न घेऊन मी फॉर्म भरला.

कोर्सची रचना अशी: दर आठवड्याला दोन रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, थोडं वाचन, संध्याकाळी सातला दीड तासाची थेट चर्चा आणि एका प्रकरणावर पानभर लेखन. शेवटी स्वतःच्या कामातलं एक प्रकरण सविस्तर लिहायचं. माझ्या गटात चार निवासी डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, एक वैद्यकीय समाजसेविका, एक निवृत्त वकील आणि मी. व्याख्यानं नीट तयार केलेली आहेत, आवाज स्वच्छ आहे, वेग कमी करून ऐकता येतो. संध्याकाळी सात ही वेळ मात्र शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा विचार न करता ठरवलीय. आमची पाळी आठला बदलते. निम्म्या चर्चा मी तयार होऊन, पिशवी खांद्याला लावून, मोबाइलवर ऐकल्यात.

सुरुवात ठरलेली, धावत्या ट्रामची. ट्राम सरळ गेली तर पाच माणसं मरतील, वळवली तर एक. काय कराल? पहिल्या आठवड्यात यावर इतका वेळ गेला की आमच्यातले दोन जण कंटाळून गेले. फिलिपा फूट यांच्या १९६७ सालच्या ज्या निबंधात ही ट्राम पहिल्यांदा आली, तो मुळात गर्भपात आणि 'दुहेरी परिणाम' (चांगल्या हेतूने केलेल्या कृतीतून नको असलेला वाईट परिणामही होणार असेल तर ती कधी योग्य) या तत्त्वाबद्दल आहे. त्याच निबंधात दुसरं एक उदाहरण आहे. औषधाचा साठा थोडा आहे, एका रुग्णाला तो सगळा लागणार आहे, आणि तेवढ्यात पाच जण येतात ज्यांचं प्रत्येकी पाचव्या हिश्शात भागेल. औषध कुणाला द्यायचं? हे माझ्या वॉर्डातलं उदाहरण आहे. ट्राम चालवायची वेळ आमच्यावर कधी येत नाही, पण शेवटच्या तीन व्हायल्स आणि चार रुग्ण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आरोग्यसेवेतल्या लोकांना शिकवायचं असेल तर त्या निबंधातलं औषध घ्यावं आणि ट्राम तिथेच सोडावी, असं मी अभिप्रायात लिहिलंय.

तिसऱ्या आठवड्यापासून कोर्स खरा पकड घेतो. विषय होता रुग्णाला खरं सांगणं. या दोन आठवड्यांसाठी मी सगळ्या त्रुटी माफ करायला तयार आहे.

कर्करोग रुग्णापासून लपवणं ही आपल्याच माणसांची सवय आहे, बाहेरच्या देशांत सगळं तोंडावर सांगतात, असं मला वाटायचं. व्याख्यानात दोन पाहण्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी १९६१ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळपास ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाच्या रुग्णाला निदान न सांगण्याकडे होता. १९७९ साली दुसऱ्या एका अमेरिकन रुग्णालयात तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधे अठरा वर्षं. म्हणजे लपवणं ही कुठल्या एका समाजाच्या रक्तातली गोष्ट नाही, आणि ती बदलते, तेही एका पिढीच्या आत. उपचार सुधारले, रुग्ण जास्त जगू लागले, हक्कांची भाषा आली, अशी कारणं चर्चेत निघाली. वकीलकाकांनी एक प्रश्न टाकला: १९६१ चे ते डॉक्टर काही वाईट माणसं नव्हती, मग आज आपण खात्रीने करतो त्यातलं काय अठरा वर्षांनी असं दिसेल? त्या दिवशी वेळ संपून गेली तरी कुणी उठलं नाही.

त्याच आठवड्यात वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवली. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी मांडली. शांत जागा बघा आणि बसून बोला, रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे ते विचारा, त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग माहिती द्या, भावनांना वाट द्या, आणि पुढचं ठरवून उठा. ऐकायला किती साधं आहे! दुसरी आणि तिसरी पायरी मी चार वेळा ऐकली. आधी विचारायचं. जाणून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे तसाच न जाणणं हाही आहे, आणि कुठला वापरायचा ते मुलाने नाही, रुग्णाने ठरवायचं. "तुमच्या आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगितलेलं आवडेल, की घरच्या कुणाशी बोलू?" एवढा एक प्रश्न दाखल होतानाच विचारला असता तर मुलाला आम्हाला शपथ घालावीच लागली नसती.

माझ्या शेवटच्या लेखनात मी आजोबांचंच प्रकरण घेतलं. मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिलेली ओळ मी वहीत उतरवून ठेवलीय: 'तुम्ही काय उत्तर द्यायला हवं होतं हे तुम्ही तीन पानं शोधताय. त्यांनी काय विचारलं ते पुन्हा वाचा.' मी पुन्हा वाचलं. आजोबांनी मला निदान विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःचं शरीर मला दाखवलं होतं. "तुम्हाला काय वाटतंय, आजोबा?" एवढं म्हणून मी स्टूल ओढून बसले असते तर मुलाला दिलेला शब्दही मोडला नसता, डॉक्टरांच्या आधी निदान सांगितल्याचा ठपकाही आला नसता, आणि ते भिंतीकडे वळले नसते. बाईंनी हे मला सांगितलं नाही, शोधायला लावलं. अशी एक ओळ मिळण्यासाठीही हा कोर्स करावा.

आता सरावाच्या सत्रांबद्दल. दुर्मीळ साधनांच्या वाटपाच्या आठवड्यात अमेरिकेतल्या सिएटल शहराची डायलिसिस समिती उभी केली होती. इतिहास थोडक्यात असा. १९६० पर्यंत डायलिसिस थोडे दिवस निभावून नेण्यापुरतंच होतं, कारण दरवेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे आणि जागाच संपत. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी त्या वर्षी टेफ्लॉनची यू आकाराची नळी हातात कायमची बसवून ठेवली आणि एकाच माणसाला वर्षानुवर्षं डायलिसिस देणं शक्य झालं. मशिनं मोजकी होती, मूत्रपिंडं निकामी झालेले लोक पुष्कळ. मग एक समिती नेमली: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन. सात जण, नावं गुप्त. वैद्यकीय चाळणीतून उरलेल्यांपैकी मशीन कुणाला मिळणार ते हे सात जण ठरवत. नोव्हेंबर १९६२ मध्ये शना अलेक्झांडर यांनी 'लाइफ' साप्ताहिकात यावर लिहिलं आणि सगळीकडे खळबळ उडाली.

आम्हाला पाच काल्पनिक अर्ज दिले, जागा दोन. मला गृहिणीची भूमिका आली. पहिली वीस मिनिटं सगळे फार जपून बोलत होते. मग एका निवासी डॉक्टरने विचारलं, "मुलं कुणाकुणाला आहेत?" तिथून गाडी उतारावर लागली. ह्याला तीन मुलं, ह्याला वर घ्या. ही एकटी आहे, हिच्यामागे कोण रडणार? हा आधी दारू प्यायचा, नियम पाळेल का? ह्याची नोकरी पक्की आहे. मीही बोलले. शिक्षिकेच्या बाजूने बोलले, कारण ती 'उपयोगी' आहे असं मला वाटलं. चाळीस मिनिटांत आमचे दोन जण ठरले. मग बाईंनी पडद्यावर मूळ समितीने विचारात घेतलेल्या गोष्टी दाखवल्या: वय, लग्न झालंय का, अवलंबून किती जण, उत्पन्न, मानसिक स्थैर्य, शिक्षण, व्यवसाय, चर्चमध्ये जाणं. चर्च सोडलं तर आमची यादी तीच होती. साठ वर्षांनंतर, एवढं वाचून बसलेल्या आठ माणसांनी ती तासाभराच्या आत पुन्हा तयार केली होती.

पुढच्या चर्चेत पर्याय आले. चिठ्ठ्या टाकाव्यात का, आधी येईल त्याला द्यावं का, जगण्याची शक्यता जास्त त्याला द्यावं का. प्रत्येकात खोट निघते. 'आधी येईल त्याला' हे दिसायला स्वच्छ, पण आधी पोचतो तो ज्याच्याकडे गाडी आणि माहिती आहे. समाजसेविका ताईंनी हा मुद्दा असा मांडला की डॉक्टर मंडळी गप्प झाली. अमेरिकेत हा पेच कुठल्या युक्तिवादाने सुटला नाही. १९७२ साली कायदा करून मूत्रपिंडाच्या रुग्णांचा बहुतेक खर्च सरकारने उचलला आणि समित्यांची गरज संपली. कोर्समधलं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं: कधीकधी नैतिक पेच हा खरं तर पैशाचा आणि मशिनांचा तुटवडा असतो, आणि तो तुटवडा कुणीतरी ठरवलेला असतो.

पण याच सत्रात माझी तक्रार पहिल्यांदा डोक्यात आली. पाचातले तीन अर्ज आम्ही नाकारले. त्या तिघांना ते जाऊन कोण सांगणार, हे आमच्या सरावात कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. निर्णय झाला, सत्र संपलं.

मग मी लक्ष ठेवू लागले. कॅरेन अ‍ॅन क्विनलन हिचा आठवडा आला. १९७५ च्या एप्रिलमध्ये एकवीस वर्षांची ही मुलगी बेशुद्ध झाली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. व्हेंटिलेटर काढावा म्हणून वडील न्यायालयात गेले आणि मार्च १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. व्हेंटिलेटर काढल्यावर ती जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती स्वतः श्वास घेत राहिली. नळीवाटे अन्न चालू होतं, ते थांबवावं असं वडिलांनी कधी म्हटलं नाही. ती जून १९८५ मध्ये गेली. व्याख्यानात निकालाचं विश्लेषण चाळीस मिनिटं आणि फार सुंदर आहे: खासगीपणाचा हक्क, रुग्णाच्या वतीने कोण बोलू शकतं, रुग्णालयांमधल्या नैतिक समित्यांना त्यातून मिळालेली चालना. आणि पुढची नऊ वर्षं एका वाक्यात. बेशुद्ध माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड पुसायचं, डोळ्यांत थेंब घालायचे, नळी धुवायची, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवायचे. नऊ वर्षं हे कुणीतरी केलं. त्या कुणाला काय वाटत होतं, त्यांचं म्हणणं कुणी विचारायला हवं होतं का, हा प्रश्न नीतिशास्त्रात बसत नाही का? मी चर्चेत विचारलं. वेळ कमी होता, 'हा रोचक मुद्दा आहे' म्हणून पुढे गेले.

उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेला काढून घेणं, या दोन्हींत नैतिकदृष्ट्या फरक नाही असं कोर्स शिकवतो. युक्तिवाद मला पटतो. उलट, काढता येणार नाही अशी भीती असेल तर डॉक्टर प्रयत्नच करणार नाहीत, हा मुद्दा तर मला आधी सुचलाच नव्हता. पण ट्यूब काढतात तेव्हा त्या कॉटशेजारी सिस्टर उभी असते. कफ मोकळा करणं, सक्शन, अलार्म बंद करणं, नातेवाइकांना पडद्याआड घेणं हे ती करते. डोक्याला समान वाटतं ते हातांना समान वाटत नाही. हातांचं हे वाटणं चूक असेलही, पण त्याचा विचार करायला हवा. या बाबतीत बाईंनी माझं लिखाण गटासमोर वाचून दाखवलं आणि त्यावर अर्धा तास बोलू दिलं, याचं मला समाधान आहे.

संमतीचे दोन आठवडे ठीकठाक. १९१४ सालच्या श्लोएनडॉर्फ खटल्यातलं न्यायमूर्ती कार्डोझो यांचं म्हणणं, म्हणजे सज्ञान आणि शहाण्या माणसाच्या शरीराचं काय करायचं ते त्यानेच ठरवावं, हे सगळीकडे सांगतात. खटला भरणारी बाई मात्र तो हरली होती, हे इथे कळलं. तपासणीला हो म्हणालेल्या बाईची गाठ बेशुद्धीत काढून टाकली होती, पण रुग्णालयाला जबाबदार धरलं नाही. 'माहितीपूर्ण संमती' हा शब्दप्रयोग कॅलिफोर्नियातल्या १९५७ च्या एका निकालापासून रूढ झाला. हे सगळं उत्तम. पण प्रत्यक्षात संमतीचा फॉर्म ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्सिंग काउंटरवर येऊन पडतो आणि निरोप असतो, "सिस्टर, सतरा नंबरची सही घेऊन ठेवा." डॉक्टरांनी काय समजावलं ते मी ऐकलेलं नसतं. रुग्ण चष्मा शोधत असतो. साक्षीदाराच्या रकान्यात सही माझी. मी नेमकी कशाची साक्षीदार? सही झाल्याची की समजल्याची? हा प्रश्न चोवीस आठवड्यांत एकदाही निघाला नाही.

आणि मग टस्कीगी. हे प्रकरण नीतिशास्त्राच्या प्रत्येक कोर्समध्ये असतं. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या मेकन परगण्यात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. आजार काय ते सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच म्हटलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं होतं तेव्हा तो 'खास मोफत उपचार' आहे असं कळवलं. पेनिसिलिन हा सर्रास इलाज झाल्यावरही त्यांना ते मिळू नये याची काळजी घेतली. तपासणी, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च यांच्या बदल्यात शवविच्छेदनाला कबुली.

व्याख्यानात युनिस रिव्हर्स यांचं नाव येतं आणि दोन मिनिटांत जातं. मी मात्र त्यांच्यापाशी दोन महिने थांबले. त्या स्वतः कृष्णवर्णीय परिचारिका होत्या. डॉक्टर येत आणि बदलून जात, सुरुवातीपासून निवृत्तीपर्यंत राहिल्या त्या रिव्हर्सबाई. त्या पुरुषांना आपल्या गाडीतून तपासणीला नेत आणत, घरी जाऊन चौकशी करत, कुणी वारलं की घरच्यांची शवविच्छेदनाला संमती घेत. लोकांचा विश्वास सरकारवर नव्हता, त्यांच्यावर होता, आणि प्रयोग त्या विश्वासावर चालला. १९५३ साली या अभ्यासाला वीस वर्षं झाल्यावर जो लेख प्रसिद्ध झाला त्यावर पहिलं नाव रिव्हर्स यांचं आहे. १९५८ मध्ये त्यांना सरकारी गौरवही मिळाला.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला, पण त्याबरोबर भीतीही वाटली. गाडीत बसवणं, नाव घेऊन विचारपूस करणं, मयताला जाणं, हे सगळं चांगल्या नर्सचंच काम आहे. मी रोज जे करते तेच त्या करत होत्या. फरक एवढाच की त्यांची माया एका फसवणुकीला जोडलेली होती, आणि ती फसवणूक वरून हुकूम म्हणून आली होती. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखालची, त्या काळातली कृष्णवर्णीय बाई नाही म्हणू शकली असती का? आणि म्हणाली असती तर त्या पुरुषांकडे निदान मोफत तपासणीला तरी कोण गेलं असतं? या दोन प्रश्नांवर एक अख्खं सत्र हवं. त्याच यंत्रणेतला एक साधा कर्मचारी, पीटर बक्सटन, १९६६ पासून वरिष्ठांना लेखी हरकती पाठवत होता. दाद मिळाली नाही तेव्हा माहिती वार्ताहरांपर्यंत गेली आणि जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली. म्हणजे खालच्या पायरीवरून बोलता येतं. कुणाला येतं, कुणाला येत नाही, कशाच्या बळावर येतं, हे शिकवण्यासारखं आहे.

माझी तक्रार ती हीच. कोर्स निर्णय घेणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. डॉक्टर ठरवतो, न्यायाधीश ठरवतो, समिती ठरवते, रुग्ण ठरवतो. ठरलेलं जी माणसं हातांनी करतात, म्हणजे नर्स, वॉर्डबॉय, टेक्निशियन, ती चित्रात उभी आहेत पण त्यांच्यापुढे काही पेच असतो असं कुणी धरतच नाही. माझ्या या अडचणीला शब्द आहे, हेही मला कोर्सच्या ऐच्छिक वाचनाच्या यादीत अगदी तळाशी सापडलं. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचारिकांबद्दल लिहिताना तो मांडला. योग्य काय ते माणसाला माहीत असतं, पण संस्थेची रचना ते करू देत नाही, आणि त्यातून जो त्रास होतो तो वेगळा ओळखायला हवा. मी त्याला नैतिक घुसमट म्हणते. ही संकल्पना यादीच्या तळाशी का, तिला आठवडा का नाही? आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची नीतिसंहिता १९५३ पासून आहे, २०२१ मध्ये ती सुधारली, तिचा उल्लेखही व्याख्यानांत नाही.

मार्कांबद्दलही सांगायला हवं. टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस यांनी १९७९ साली मांडलेली चार तत्त्वं, म्हणजे स्वायत्तता, हित करणं, अहित टाळणं आणि न्याय, यांभोवती सगळं मूल्यमापन फिरतं. तत्त्वं उपयोगाची आहेत. पण संमतीच्या फॉर्मवरच्या माझ्या लेखनाला कमी मार्क मिळाले आणि शेरा होता, 'चार तत्त्वांचा स्पष्ट उल्लेख नाही'. पुढच्या वेळी मी तेच चार शब्द ठळक अक्षरांत घातले आणि मार्क वाढले. विचार तोच होता. हे मार्गदर्शक बाईंचं काम नव्हे, लेखन तपासणारे वेगळे आहेत आणि ते ठरलेला तक्ता समोर ठेवून तपासतात. शेरे येतातही उशिरा, कधी तीन आठवड्यांनी.

ड्यूटीवर मला प्रत्यक्ष वापरायला मिळालं ते वेगळंच साधन. जॉन्सन, सीगलर आणि विन्सलेड यांची चार चौकटींची पद्धत. कागदाचे चार भाग करायचे: वैद्यकीय बाजू, रुग्णाची इच्छा, जगण्याची गुणवत्ता, आणि आजूबाजूची परिस्थिती, ज्यात घरचे, पैसा, कायदा सगळं येतं. गुंतागुंतीची केस असली की मी हँडओव्हरच्या वहीत या चौकटी आखते. दुसरी चौकट किती वेळा रिकामी राहते ते पाहून मलाच धक्का बसला. चार दिवस आयसीयूत असलेल्या, शुद्धीत असलेल्या माणसाची इच्छा काय, हे आमच्या एकाही कागदावर नसतं. आता मी राउंडला ती रिकामी चौकट पुढे करते आणि म्हणते, "सर, यांना विचारायचं राहिलंय." परवा एका कन्सल्टंटनी तिथेच खुर्ची मागवली आणि बसून विचारलं. त्या मावशींना सगळं जाणून घ्यायचं होतं, फक्त मुलगी ऑफिसातून येईपर्यंत थांबा म्हणाल्या.

निवासी डॉक्टर, वैद्यकीय समाजसेवक, रुग्णालयाच्या नैतिक समितीवर नव्याने आलेले लोक, यांनी हा कोर्स जरूर करावा. नर्सेसनीही करावा, पण एकटीने नको, दोघी-तिघींनी मिळून, म्हणजे चर्चेत आपली बाजू 'रोचक मुद्दा' म्हणून बाजूला पडणार नाही. आठवड्याला सहा तास लागतात, जाहिरातीत चार लिहिलेत. नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारा: थेट चर्चांच्या दोन वेळा आहेत का, लेखन कोण तपासतं, आणि प्रकरणांमध्ये डॉक्टरांव्यतिरिक्त कुणाचे पेच आहेत. माझ्या पत्राला संस्थेने उत्तर दिलंय, पुढच्या तुकडीसाठी परिचारिकांची दोन प्रकरणं मागितली आहेत. एक मी पाठवलंय, साक्षीदाराच्या सहीचं. दुसरं लिहितेय.

कोर्स संपल्यावरही रेकॉर्डिंग वर्षभर उघडी राहतात. युनिस रिव्हर्स यांची ती दोन मिनिटं अकराव्या आठवड्याच्या दुसऱ्या व्याख्यानात, शेवटाकडे आहेत.